शाळेचा बॉण्ड मतपत्रिकेवर आला की काय, कधी आणि कोणत्या क्रमाने तपासायचं: कॅलिफोर्नियातल्या मराठी मतदार-पालकांसाठी

नोव्हेंबरची निवडणूक जवळ आली की बे एरिया आणि लॉस एंजेलिसकडच्या मराठी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर हमखास प्रश्न येतो: "ते शाळेचं मेझर आहे ना, त्याला यस करायचं की नो?" मेझर म्हणजे मंजुरीसाठी मतपत्रिकेवर ठेवलेला प्रस्ताव. खाली भराभर उत्तरं पडतात आणि त्यांतली निम्मी दुसऱ्याच स्कूल डिस्ट्रिक्टच्या (शाळा चालवणाऱ्या स्थानिक संस्थेच्या) मेझरबद्दल असतात. कोणी बॉण्डच्या, म्हणजे शाळांच्या इमारतींसाठी काढलेल्या कर्जाच्या, पैशातून शिक्षकांचे पगार वाढतील म्हणून यस करतं, कोणी घराच्या आजच्या बाजारभावावर कर काढून घाबरतं आणि नो करतं. दोघांचाही आधार चुकीचा असतो.

यस की नो ते तुमचं तुम्ही ठरवा. त्याआधीचं काम कसं करायचं तेवढं इथे दिलं आहे. क्रम पाळा, कारण बहुतेक चुका पुढची पायरी आधी घेतल्यामुळे होतात.

सगळ्यात आधी: तुम्हाला मताचा अधिकार आहे का?

मत फक्त अमेरिकन नागरिकांना. ग्रीन कार्ड, एच-१बी, एच-४, एल-१ यांपैकी कशावरही असलात तरी बॉण्डवर किंवा पार्सल टॅक्सवर (मालमत्तेवरच्या जादा शाळा-करावर) मत देता येत नाही. घर तुमच्या नावावर असलं, कर तुम्हीच भरत असलात तरी नाही. उलट बाजूने, नागरिक असाल आणि भाड्याने राहत असाल तर मत पूर्ण तुमचं. त्यासाठी मालमत्ता लागत नाही.

इशारा: सॅन फ्रान्सिस्कोत नागरिक नसलेल्या पालकांना मत देता येतं, हे खरं आहे. पण ते २०१६ च्या प्रपोझिशन एन नुसार आणि फक्त स्कूल बोर्डाच्या सदस्यांच्या निवडणुकीपुरतं. त्यांची मतपत्रिका वेगळी असते आणि तिच्यावर बॉण्ड नसतो. डीएमव्हीत लायसन्सच्या अर्जात मतदार नोंदणीचा प्रश्न येतो, तिथे घाईत "मी नागरिक आहे" अशी खूण करू नका. इकडे मुलांकडे राहायला आलेल्या आईवडिलांना हे नीट समजावून सांगा. नागरिकत्वाच्या एन-४०० अर्जात "कधी मतदार म्हणून नोंदणी केली होती का, कधी मत दिलं होतं का" हे थेट विचारतात आणि एका चुकीच्या खुणेपायी हद्दपारीपर्यंत प्रकरण जाऊ शकतं.

मत नसलं तरी स्कूल बोर्डाच्या बैठकीत बोलता येतं, प्रश्न विचारता येतात. टप्पा ३ मुख्यतः त्यासाठीच आहे.

टप्पा १ : तुमचा डिस्ट्रिक्ट नक्की करा

शहराचं नाव आणि डिस्ट्रिक्टचं नाव एक नसतं. याचा सगळ्यात मोठा घोळ फ्रीमाँटच्या नावाने होतो. फ्रीमाँट युनिफाइड हा अलमेडा काउंटीतल्या फ्रीमाँट शहराचा डिस्ट्रिक्ट. फ्रीमाँट युनियन हायस्कूल डिस्ट्रिक्ट मात्र सांता क्लारा काउंटीत, सनीव्हेल-क्युपर्टिनोकडे आहे. माँटा व्हिस्टा, लिनब्रूक, होमस्टेड ही हायस्कुलं त्याच्याकडे येतात. सॅन होजे शहराच्या हद्दीत तर डझनाहून जास्त स्कूल डिस्ट्रिक्ट आहेत. लॉस एंजेलिस युनिफाइडमध्ये शहराबाहेरच्या अनेक लहान शहरांचाही भाग येतो. सॅन फ्रान्सिस्को त्या मानाने सोपं: शहर, काउंटी आणि डिस्ट्रिक्ट एकच.

मेझरच्या अक्षरावर जाऊ नका. आकडा असलेलं प्रपोझिशन राज्याचं असतं आणि अक्षर असलेलं स्थानिक. प्रत्येक काउंटी आपापली अक्षरं वाटते, त्यामुळे एकाच दिवशी दोन शेजारच्या काउंट्यांत "मेझर ए" असतं आणि दोघांचा एकमेकांशी काही संबंध नसतो. सॅन फ्रान्सिस्को स्थानिक मेझरनाही प्रपोझिशनच म्हणतं, म्हणजे गोंधळात आणखी भर.

तपासा: काउंटीच्या निवडणूक कार्यालयाच्या वेबसाइटवर पत्ता टाका आणि तीन नावं लिहून घ्या: प्राथमिक डिस्ट्रिक्ट, हायस्कूल डिस्ट्रिक्ट, कम्युनिटी कॉलेज डिस्ट्रिक्ट. "युनिफाइड" असेल तर पहिली दोन एकच. क्युपर्टिनोत राहणाऱ्याच्या घरावर साधारणपणे क्युपर्टिनो युनियन, फ्रीमाँट युनियन आणि फूटहिल-डी अँझा या तिघांचाही कर लागतो. तिघंही वेगवेगळ्या वर्षी बॉण्ड मागू शकतात.

टप्पा २ : बॉण्ड आहे की पार्सल टॅक्स?

हे समजल्याशिवाय पुढचं काहीच वाचू नका.

बॉण्ड म्हणजे कर्ज, डिस्ट्रिक्टने रोखे विकून गुंतवणूकदारांकडून घेतलेलं. ते फेडायला मालमत्ता कराच्या १% मूळ दरावर जादा दर लागतो. पैसा इमारती, छपरं, वायरिंग, पाण्याचे पाइप, प्रयोगशाळा, जमीन आणि उपकरणांसाठी. बहुतेक बॉण्ड २००० सालच्या प्रपोझिशन ३९ च्या नियमांनी येतात: ५५% मतं पुरतात, पण बदल्यात कामांची यादी, दरवर्षी दोन ऑडिट आणि नागरिकांची देखरेख समिती बंधनकारक. शिक्षक आणि प्रशासकांचे पगार, रोजचा चालू खर्च यांना घटनेतच मनाई आहे.

पार्सल टॅक्स म्हणजे सहसा प्रत्येक मालमत्तेवर ठरलेली रक्कम. सॅन फ्रान्सिस्कोचं २०२० चं प्रपोझिशन जे सुरुवातीला वर्षाला २८८ डॉलरचं होतं, वनरूम काँडो असो की बंगला. हा पैसा पगार, समुपदेशक, ग्रंथपाल, संगीताचे तास यांना वापरता येतो. डिस्ट्रिक्टने स्वतः मांडला तर दोन तृतीयांश मतं लागतात. सह्या गोळा करून नागरिकांनी आणलेल्या कराला साधं बहुमत पुरतं, असे निकाल न्यायालयांनी दिले आहेत. तेव्हा मेझर कोणी आणलं तेही बघा.

५५% आणि दोन तृतीयांश या दोन अटींत किती फरक आहे ते लॉस एंजेलिसमध्ये दिसतं. जानेवारी २०१९ मध्ये शिक्षकांचा संप झाला. त्या जूनमध्ये आलेलं पार्सल टॅक्सचं मेझर ईई दोन तृतीयांश सोडाच, निम्म्यापर्यंतही पोचलं नाही. तिथेच २०२० मध्ये ७ अब्ज डॉलरचा आणि २०२४ मध्ये ९ अब्ज डॉलरचा बॉण्ड पास झाला. म्हणून "एवढे अब्ज मिळाले, मग शिक्षक का काढताहेत?" हा प्रश्न दर वर्षी येतो. उत्तर साधं आहे: ते पैसे पगाराला वापरता येत नाहीत.

नेहमीची चूक: पुण्या-मुंबईत मालमत्ता कराच्या बिलात शिक्षण कर आपोआप येतो, त्यावर कोणी मत घेत नाही. ती सवय घेऊन आलेले "लागणारच असेल" म्हणून तो रकाना कोरा सोडतात. इथे तो तुमच्या मताशिवाय लागत नाही.

टप्पा ३ : ऑगस्टच्या आधी बोर्डाच्या बैठकीला जा

बहुतेक लोक ऑक्टोबरमध्ये जागे होतात. तोपर्यंत यादीतला शब्दही बदलता येत नाही. मेझर मतपत्रिकेवर घालण्याचा ठराव निवडणुकीच्या किमान ८८ दिवस आधी काउंटीकडे जावा लागतो. ३ नोव्हेंबर २०२६ च्या निवडणुकीसाठी ती तारीख ७ ऑगस्ट. प्रपोझिशन ३९ खालच्या बॉण्डसाठी बोर्डाच्या दोन तृतीयांश सदस्यांची संमती लागते. म्हणजे खरी चर्चा मे ते जुलैमध्ये होते, आणि नेमकी तेव्हाच आपली मंडळी भारतात गेलेली असतात.

नियमित बैठकीचा अजेंडा ७२ तास आधी लावावा लागतो. बोलायला बहुधा दोन-तीन मिनिटंच मिळतात, तेव्हा भाषण नको. खालचे प्रश्न लेखी द्या आणि त्यांतला एकच मोठ्याने विचारा.

१. फॅसिलिटीज मास्टर प्लॅनमध्ये (इमारतींच्या गरजांच्या आराखड्यात) एकूण गरज किती डॉलरची आहे, आणि हा बॉण्ड त्यातला किती भाग भागवतो? गरज मागणीच्या कितीतरी पट असेल तर यादीतली निम्मी कामं होणारच नाहीत. मग कोणती आधी, हे आत्ताच वदवून घ्या.

२. यादीतल्या शाळांपैकी कोणती शाळा बंद करायचा किंवा दुसरीत विलीन करायचा विचार आहे? पटसंख्या शहरांमध्ये घसरते आहे आणि राज्याचा पैसा हजेरीवर येतो. सॅन फ्रान्सिस्कोत २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये बंद करायच्या शाळांची यादी आणि ७९ कोटी डॉलरचा बॉण्ड एकाच वेळी चर्चेत होते. शाळा बंद करणं पुढे थांबवलं गेलं आणि बॉण्ड पास झाला, पण प्रश्न रास्तच होता.

३. राज्याकडून जोडनिधी किती धरला आहे? नोव्हेंबर २०२४ च्या प्रपोझिशन २ मधून शाळांसाठी साडेआठ अब्ज डॉलर मंजूर झाले. नव्या बांधकामाला साधारण निम्मा आणि दुरुस्तीला ६०% हिस्सा राज्य देतं, थोडा जास्तही मिळू शकतो. पण स्थानिक हिस्सा हातात असावा लागतो आणि रांग लांब असते. अर्ज केला आहे की फक्त आशा आहे, ते विचारा.

४. आधी मंजूर झालेल्यांपैकी किती बॉण्ड विकायचे बाकी आहेत आणि विकून आलेले किती पैसे खर्चायचे बाकी आहेत?

चौथ्या प्रश्नाला "नंतर कळवतो" असं उत्तर आलं तर लिहून ठेवा. हा आकडा अर्थखात्याकडे तयार असतो.

टप्पा ४ : कागद उलट्या क्रमाने वाचा

मतपत्रिकेवर जो मजकूर असतो त्याला ७५ शब्दांची मर्यादा आहे. ते शब्द सहसा आधी जनमत चाचणीत तपासलेले असतात. गळकी छपरं, सुरक्षित शाळा, पाण्यातलं शिसं काढणं, गुणी शिक्षक टिकवणं हे सगळं तिथे असतं, कारण चाचणीत त्याला हुंकार मिळाला. २०१७ च्या कायद्यामुळे त्यातच कराचा दर, वर्षाला जमा होणारी रक्कम आणि मुदत द्यावी लागते. तेवढे तीन आकडे घ्या आणि बाकीच्यासाठी मतदार पुस्तिकेच्या मागच्या पानांकडे जा. क्रम असा:

पहिलं, मेझरचा संपूर्ण मजकूर. बहुतेक वेळा दहा-पंधरा पानं बारीक टायपात. यातली प्रकल्पांची यादी हाच बांधील भाग. तुमच्या शाळेचं नाव आहे का ते शोधा. नाव नसेल आणि फक्त "डिस्ट्रिक्टभरातल्या शाळा, गरजेनुसार" असं असेल तर त्या शाळेला काहीही मिळेलच असं नाही. नाव असेल तरी यादीच्या शेवटी "प्रत्येक काम पूर्ण होईलच याची हमी नाही" अशा अर्थाचं वाक्य जवळजवळ नेहमीच असतं. ते वाचूनच पुढे जा.

या मजकुरात "तंत्रज्ञान" कुठे येतं ते विशेष बघा. लॉस एंजेलिसने २०१३ मध्ये प्रत्येक विद्यार्थ्याला आयपॅड द्यायची १ अब्ज डॉलरहून मोठी योजना बॉण्डच्या पैशातून सुरू केली आणि पुढच्या वर्षाअखेर तिच्यातून अंग काढून घेतलं. पंचवीस वर्षं फेडायचं कर्ज आणि चार-पाच वर्षांत जुनं होणारं यंत्र, ही जोडी डोळ्यांत तेल घालून वाचावी. वायरिंग आणि नेटवर्कसाठी बॉण्ड ठीक. टॅब्लेटसाठी असेल तर कर्जाच्या तेवढ्या भागाची मुदत किती छोटी ठेवली आहे, हे लेखी मागा.

दुसरं, टॅक्स रेट स्टेटमेंट. सरासरी दर, सर्वांत जास्त दर आणि तो कोणत्या वर्षी, शेवटचं वर्ष, आणि मुद्दल-व्याज धरून एकूण परतफेड. सगळ्यात कमी वाचलं जाणारं आणि सगळ्यात कामाचं पान हेच.

तिसरं, काउंटी काउन्सेलचं (काउंटीच्या सरकारी वकिलाचं) तटस्थ विश्लेषण. ५०० शब्दांच्या आत असतं. कायदेशीर चौकट कळते, कामाचा दर्जा कळत नाही.

चौथं, बाजूचा आणि विरोधी युक्तिवाद. प्रत्येकी ३०० शब्द. मजकुराआधी खालच्या सह्या वाचा. करदाते संघटनेची सही कोणत्या बाजूला आहे, आजी-माजी देखरेख समिती सदस्य कोणत्या बाजूला आहेत. विरोधी युक्तिवाद कोणी दिलाच नसेल तर तसं छापलेलं असतं. त्याचा अर्थ "सगळे बाजूने आहेत" असा काढू नका, कोणी मुदतीत लिहून दिला नाही एवढंच.

इशारा: "कराचा दर न वाढवता" हे शब्द दिसले की थांबा. जुना बॉण्ड फिटत आला आहे आणि त्याच्या जागी नवा येतो आहे, असा त्याचा अर्थ. नो जिंकलं तर तुमचा दर उतरेल, यस जिंकलं तर आहे तिथे राहील. वाक्य खोटं नाही, अर्धं आहे.

टप्पा ५ : तुमच्या बिलावर किती येईल ते काढा

मालमत्ता कराचं बिल समोर घ्या, ऑक्टोबरच्या सुमारास आलेलं. पहिला हप्ता १० डिसेंबर आणि दुसरा १० एप्रिल उलटला की दंड लागतो, तेच बिल. मांडणी काउंटीप्रमाणे बदलते, पण तीन गट सापडतील: १% मूळ कर, मतदारांनी मंजूर केलेल्या कर्जांचे दर, आणि ठरीव रकमा. बॉण्ड दुसऱ्या गटात, पार्सल टॅक्स तिसऱ्यात.

वर "नेट असेस्ड व्हॅल्यू", म्हणजे करासाठी धरलेली किंमत, असेल. हिशोब त्यावर. घराच्या आजच्या किमतीवर नाही. प्रपोझिशन १३ मुळे ही किंमत खरेदीच्या भावापासून वर्षाला जास्तीत जास्त २% वाढते. स्वतः राहत असाल आणि अर्ज केला असेल तर त्यातून ७,००० डॉलर वजा होतात.

समजा घर आज २० लाख डॉलरला विकलं जाईल, पण असेस्ड किंमत ९ लाख आहे. सूट वजा जाता ८ लाख ९३ हजार. मेझरचा दर दर लाखाला ३० डॉलर असेल तर ८.९३ × ३० = वर्षाला सुमारे २६८ डॉलर. बाजारभावावर काढणारा ६०० म्हणतो आणि घाबरतो. तसंच घर शेजारच्याने नुकतंच २० लाखांना घेतलं असेल तर त्याला मात्र जवळजवळ ५९८ पडतात. भिंतीला भिंत, शाळा तीच, कर दुपटीहून जास्त. नव्याने घर घेतलेल्या आपल्या मंडळींवर हा भार सगळ्यात जड पडतो, तेव्हा जुन्या शेजाऱ्याच्या अंदाजावर विसंबू नका.

वरची मर्यादाही समजून घ्या. प्रपोझिशन ३९ खाली युनिफाइड डिस्ट्रिक्टला दर लाखाला ६० डॉलर, फक्त प्राथमिक किंवा फक्त हायस्कूल डिस्ट्रिक्टला ३०, कम्युनिटी कॉलेजला २५. इथे दोन गोष्टी चुकतात.

एक, ही मर्यादा एका निवडणुकीची आहे, एकूण कराची नाही. मागचे बॉण्ड चालूच राहतात, नवा वर चढतो. तीन डिस्ट्रिक्टनी एकेक बॉण्ड कमाल दराने आणला तर ३० + ३० + २५ = ८५, म्हणजे वरच्या ९ लाखांच्या घरावर सुमारे ७५९ डॉलर.

दोन, ही अट बॉण्ड विकतानाच्या अंदाजाला लागते. पुढे मंदी येऊन मालमत्तांच्या किमती पडल्या तर कर्ज फेडायला काउंटी दर वाढवते, कारण सावकाराला पैसे द्यावेच लागतात.

आता व्याज. ४% दराने समान हप्त्यांत २५ वर्षं फेडलं तर १०० डॉलरचे साधारण १६० होतात आणि ३० वर्षं फेडलं तर १७३ च्या आसपास. स्टेटमेंटमधली एकूण परतफेड मुद्दलाच्या दुपटीच्या पलीकडे जात असेल तर कारण विचारा. सॅन डिएगो काउंटीतल्या पोवे युनिफाइड डिस्ट्रिक्टने २०११ मध्ये साडेदहा कोटी डॉलर असे उचलले की परतफेड ९८ कोटींच्या घरात गेली. वीस वर्षं काहीच भरायचं नाही आणि मग व्याजावर व्याज, असा तो प्रकार होता. त्यानंतर कायदा आला: अशा बॉण्डची परतफेड मुद्दलाच्या चौपटीपलीकडे आणि मुदत २५ वर्षांपलीकडे जाऊ शकत नाही. चौपटही काही थोडी नव्हे.

पार्सल टॅक्स असेल तर हिशोब एका ओळीचा, पण तीन गोष्टी बघा. महागाईप्रमाणे रक्कम वाढते का? संपायची तारीख आहे का? ६५ वर्षांवरच्या मालकांना सूट आहे का? सूट असली तरी ती सहसा आपोआप मिळत नाही, डिस्ट्रिक्टकडे मुदतीत अर्ज करावा लागतो. घर मुलाच्या नावावर आणि आजी-आजोबा सोबत राहतात, एवढ्यावर सूट मिळत नाही, नाव मालकीत लागतं.

भाडेकरूंसाठी: सॅन फ्रान्सिस्कोत भाडेनियंत्रणाखालच्या घरांत शाळेच्या बॉण्डमुळे वाढलेल्या कराचा निम्मा भाग घरमालक तुमच्याकडून घेऊ शकतो. भाड्याच्या नोटिशीत वेगळी ओळ आली तर ती हीच असेल.

टप्पा ६ : प्रचार करणार असाल तर

इथे उत्साहात नियम मोडले जातात.

डिस्ट्रिक्ट माहिती देऊ शकतं, "यस करा" म्हणू शकत नाही. शाळेचा ईमेल, झेरॉक्स, वर्गाची वेळ, मुलांच्या दप्तरातून पाठवायचे कागद, यांपैकी काहीही प्रचाराला वापरता येत नाही. शिक्षक घरी गेल्यावर, स्वतःच्या फोनवरून हवं ते बोलू शकतात. रूम पॅरेंट (वर्गाचे पालक-प्रतिनिधी) म्हणून तुमच्याकडे शाळेने दिलेली पालकांची ईमेल यादी असेल तर तिच्यावर पत्रक पाठवू नका. ही चूक सगळ्यात जास्त होते.

पीटीए (पालक-शिक्षक संघ) किंवा मराठी मंडळ ५०१-सी-३, म्हणजे करमुक्त धर्मादाय, संस्था असेल तर मेझरच्या बाजूने किंवा विरोधात ठराव करता येतो. तो लॉबिंग धरला जातो आणि त्याला खर्चाची मर्यादा आहे. उमेदवाराचा प्रचार मात्र अजिबात नाही. गणपतीच्या कार्यक्रमात "मेझरला यस" असा स्टॉल चालेल. त्याच स्टॉलवर स्कूल बोर्डाच्या उमेदवाराचा बॅनर लागला की मंडळ अडचणीत.

पैसे गोळा करायचे असतील तर वर्षात २,००० डॉलर जमले की समितीची राज्याकडे नोंदणी करावी लागते, फॉर्म ४१०. १०० डॉलर किंवा त्याहून जास्त रोख घेता येत नाही. चेकने किंवा इतर मार्गाने १०० डॉलर किंवा जास्त देणाऱ्याचं नाव, पत्ता, व्यवसाय, नोकरीचं ठिकाण नोंदवावं लागतं. ग्रीन कार्डवाल्यांना देणगी देता येते. एच-१बीवर असलेल्यांनी देऊ नये, आणि खजिनदाराने न विचारता घेऊ नये.

टप्पा ७ : मत

मतपत्रिका निवडणुकीच्या २९ दिवस आधीपासून सगळ्या नोंदणीकृत मतदारांना घरी येते. नोंदणीची मुदत १५ दिवस आधी संपते, २०२६ साठी १९ ऑक्टोबर. चुकली तर मतकेंद्रावर जाऊन नोंदणी आणि मत एकत्र करता येतं.

शाळेचं मेझर मतपत्रिकेच्या शेवटाकडे असतं. मागची बाजू उलटून बघा.

पाकिटावरची सही नोंदणीच्या सहीशी जुळवतात. लायसन्सवर इंग्रजीत आणि पाकिटावर मराठीत सही केली की मत अडकतं. काउंटीचं पत्र येतं, त्याला मुदतीत उत्तर दिलं तर मत धरतात. पण पत्र जाहिरातींच्या गठ्ठ्यात जातं आणि मत वाया. शेवटच्या दिवशी पोस्टात टाकू नका, शिक्का दुसऱ्या दिवसाचा बसू शकतो. रात्री ८ च्या आत ड्रॉप बॉक्समध्ये टाका. इंग्रजी वाचायला जड जाणाऱ्या ज्येष्ठांना मतकेंद्रावर दोन जणांपर्यंत मदतीला नेता येतं. त्यात ते नोकरी करतात तिथला मालक किंवा युनियनचा प्रतिनिधी नको.

तपासा: ५५% हे त्या मेझरवर पडलेल्या मतांचे. कोरा सोडलेला रकाना कोणत्याच बाजूला धरत नाहीत. निकालाच्या रात्री ५४.५% दिसलं तर हरलं असं जाहीर करू नका. पोस्टाने आलेली मतं सात दिवसांपर्यंत स्वीकारतात आणि मोजणी कित्येक आठवडे चालते.

टप्पा ८ : पास झाल्यानंतर

इथे बहुतेक पालक हात झटकतात. प्रत्यक्षात पैसा खर्च व्हायला आत्ता सुरुवात होते.

"मत देऊन वर्ष झालं, वर्ग तसाच आहे" ही तक्रार दरवेळी येते. बॉण्ड एकदम विकत नाहीत, टप्प्याटप्प्याने विकतात. शाळेच्या इमारतीचा आराखडा राज्याच्या आर्किटेक्ट विभागाकडून भूकंपसुरक्षेसाठी मंजूर करून घ्यावा लागतो, त्यात महिने जातात. मग निविदा, आणि आवाजाची कामं शक्यतो उन्हाळ्याच्या सुट्टीत. जून हुकला तर वर्ष गेलं. म्हणून "काम कधी?" असं विचारू नका. "आराखडा राज्याकडे कोणत्या तारखेला गेला?" असं विचारा.

निकालाची नोंद बोर्डाच्या इतिवृत्तात झाल्यापासून ६० दिवसांत नागरिकांची देखरेख समिती नेमावी लागते. किमान सात सदस्य. त्यांत एक व्यापारी संघटनेतला, एक ज्येष्ठ नागरिक संघटनेतला, एक करदाते संघटनेतला, एक डिस्ट्रिक्टमध्ये मूल असलेला पालक, आणि एक पीटीए किंवा शाळेच्या समितीत काम करणारा पालक. डिस्ट्रिक्टचे कर्मचारी, ठेकेदार, सल्लागार चालत नाहीत. करदाते आणि ज्येष्ठांच्या जागा वारंवार रिकाम्या राहतात. निवृत्त अभियंता किंवा हिशोबनीस ओळखीत असेल तर त्याला ज्येष्ठांच्या जागेसाठी अर्ज करायला लावा. अट एवढीच, की ज्येष्ठ नागरिक संघटनेत त्याने सक्रिय असलं पाहिजे.

समितीला कामं निवडायचा अधिकार नाही. पैसा यादीबाहेर किंवा पगाराला गेला का, ते तपासून लोकांना सांगणं हे तिचं काम. वर्षातून एकदा तरी अहवाल द्यावा लागतो, आणि मागच्या आर्थिक वर्षाची दोन्ही ऑडिट ३१ मार्चपर्यंत तिच्यापुढे यायला हवीत. एप्रिल उजाडला की डिस्ट्रिक्टच्या वेबसाइटवर ती शोधा. त्यांतलं एक आर्थिक हिशोबाचं आणि दुसरं परफॉर्मन्स ऑडिट, म्हणजे पैसा यादीतल्या कामांवरच गेला का याची तपासणी. परफॉर्मन्स ऑडिटमध्ये "निवडलेल्या नमुन्यात आढळलेले अपवाद" हा भाग आधी वाचा. तिथे पगाराची ओळ दिसली तर ती व्यक्ती खरंच बांधकाम व्यवस्थापनाचं काम करते का, हे विचारा. तेवढ्याच कामाचा पगार बॉण्डमधून देता येतो. मुख्याध्यापकाच्या कार्यालयातल्या माणसाचा अर्धा पगार तिथे घुसवणं ही जुनी सवय आहे.

ऑडिट सापडलं नाही, बैठका रद्द होत गेल्या, जागा वर्षभर रिकाम्या राहिल्या, तर बोर्डाच्या पुढच्या बैठकीच्या अजेंड्यावर तो विषय घ्यायची लेखी मागणी करा आणि प्रत काउंटीच्या शिक्षण कार्यालयाला पाठवा. पुढचा बॉण्ड मागायला हाच डिस्ट्रिक्ट येईल तेव्हा टप्पा ३ मधल्या चौथ्या प्रश्नासोबत ते पत्रही जोडा.